विहीर : आहे

नगर, २ जून १९४६

यशया मास्तर यांस कृपादानचा सलाम.

मी शुक्रवारी संध्याकाळी नगरला पोचलो. संगमनेरला सर्व्हिस मोटर उशिरा मिळाली, बाकी प्रवास ठीक झाला. तुम्ही हे विचारले नव्हते. पत्राची सुरुवात कशी करावी हे कळत नाही म्हणून लिहिले.

दया गेली त्या दिवशी मी पारनेरकडे दौऱ्यावर होतो. तुमची तार कचेरीत दोन दिवस पडून राहिली, त्यामुळे सख्ख्या बहिणीला माती द्यायला मी नव्हतो. हे तिथेच सांगायला हवे होते. पण तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, आणि पटकीने पाच माणसे गेलेल्या वस्तीत आपलेच कारण सांगत बसणे मला जमले नाही.

कबरस्तानातून परत आल्यावर मी हातपाय धुवायला पाणी मागितले. तुमची-दयाची मेरी तांब्या घेऊन उठली होती. तुम्ही तिला खाली बसवले आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "भाऊसाहेब, तुमच्या कागदावर हिवरओढ्याला विहीर आहे. तिथून पाणी आणा."

त्याचे उत्तर आता लिहितो. युद्धानंतरच्या पंधरा वर्षांत कोणत्या गावाला काय द्यायचे याची सरकारी योजना होते आहे, आणि जिल्ह्यातल्या गावांचा क्रम लावण्याचे काम आमच्या कचेरीकडे आहे हे खरे. पण तो क्रम मी माझ्या मनाने लावत नाही. जिथे पिण्याच्या पाण्याची विहीर नाही ते गाव पहिल्या टप्प्यात, जिथे आहे ते तिसऱ्या, असा नियम वरून आलेला आहे. हिवरओढ्याला विहीर आहे. चावडीमागे आहे, दगडी बांधणीची आहे, तुम्ही ती रोज पाहता. कागदात खोटे काही नाही.

मेरीला मामाचा आशीर्वाद सांगावा.

कृपादान


नगर, १८ ऑगस्ट १९४६

यशया मास्तर यांस सलाम.

तुमचे उत्तर आले नाही. मागच्या पत्राची प्रत माझ्याकडे नाही, पण 'कागदात खोटे काही नाही' हे वाक्य लक्षात राहिले आहे. ते लिहायला नको होते.

आमच्या कचेरीत सध्या काय चालले आहे ते लिहितो, म्हणजे तुम्हाला त्या यादीची किंमत कळेल. मोठ्या साहेबांनी १९६२ सालापर्यंतचे तक्ते मागितले आहेत. कोणत्या साली किती शाळा, किती दवाखाने, किती विहिरी. साहेबांच्या बंगल्यावर मात्र गेल्या महिन्यात सामानाचा लिलाव झाला. मडमसाहेब मुलांना घेऊन विलायतेला गेल्या. आमचे हेडक्लार्क सुमंतराव यांनी लिलावात साहेबांचे कपाट कचेरीसाठी घेतले आणि पंधरा वर्षांची योजना आता त्यातच ठेवली आहे. आतून अजून डांबरगोळ्यांचा वास येतो. साहेब रोज विचारतात, सत्तावन सालचा तक्ता झाला का. सत्तावन साली इथे कोणाचे राज्य असेल हे त्यांनाही ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही. आमचा शिपाई कानिफनाथ म्हणतो, "बासष्ट साली मी पेन्शनीत, सायेब त्येंच्या गावाला, आन् ह्यो कागुद उंदराच्या पोटात."

सांगायचे असे की ही योजना होईलच असे कोणी धरून चालत नाही. आणि झाली असती तरी पहिला टप्पा सत्तेचाळीस साली सुरू व्हायचा होता. दया सेहेचाळीसच्या मे महिन्यात गेली. हिवरओढा पहिल्या यादीत असता तरी तोवर वस्तीत विहीर झाली नसती. वर्षांचा मेळ असा आहे.

हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिले आहे. मांडताना बरोबर येते.

कृपादान


नगर, ८ डिसेंबर १९४६

यशया मास्तर यांस सलाम.

गेल्या आठवड्यात आपल्या वस्तीतली बनुबाई मिशनच्या दवाखान्यात डोळे दाखवायला आली होती. ती माझ्या खोलीवर आली आणि दारातच बसून राहिली, आत आली नाही. मी पाणी दिले ते प्याली. मग तिने सांगितले की औषध टाकणारी माणसे गावात पोचली ती दया गेल्यानंतर तीन दिवसांनी. त्यांनी चावडीमागच्या विहिरीत औषध टाकले, पाटलाकडे चहा घेतला आणि गेली. आपल्या वस्तीकडे, ओढ्यापलीकडे, कोणी आलेच नाही. "त्येंच्या कागदात आमी न्हवतोच की," असे ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही.

मागच्या पत्रात वर्षांचा मेळ लिहिला, त्यात एक गोष्ट मी सोडली होती. तालुक्यात पटकी सुरू झाली तेव्हा वरून विचारणा आली की कोणती गावे ओढ्यानाल्याचे पाणी पितात. टोचणारी आणि औषध टाकणारी माणसे थोडी होती, म्हणून अशा गावांना आधी पाठवायचे होते. आम्ही आमची यादी दिली. ती नक्कल माझ्या अक्षरात आहे. विहीर नसलेली अकरा गावे वर होती आणि विहीर असलेली त्यांच्या खाली. हिवरओढा खाली होता. त्या अकरा गावांत मिळून दोन माणसे गेली. आपल्या एका वस्तीत पाच गेली.

नक्कल करताना मी हिवरओढ्याच्या ओळीवर थांबलो होतो. मला दिसले होते. तेव्हाही दुरुस्त करता आले असते.

नाताळला मी यावे की नाही हे तुम्ही कळवाल तर बरे. न कळवल्यास येणार नाही.

कृपादान


नगर, २ मार्च १९४७

यशया मास्तर यांस सलाम.

नाताळ इथेच केला.

तुम्ही विचारत नाही, पण फॉर्मवर 'आहे' हा शब्द मी का लिहिला हे तुम्हाला कळायला हवे. आतापर्यंत मी नियम, टप्पे आणि वर्षे यांबद्दल लिहिले.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत सुमंतराव आणि मी टांग्याने हिवरओढ्याला आलो. हे माझे गाव आहे हे मी त्यांना सांगितले नव्हते. सातव्या वर्षी मिशनच्या बोर्डिंगात आलो तेव्हापासून मी नगरचाच झालो आणि नोकरीच्या कागदावरही नगरच लिहिले आहे. सुमंतराव चांगले मनुष्य आहेत, त्यांनी जात कधी विचारली नाही. ख्रिस्ती म्हणजे शिकलेला, इंग्रजी येणारा मनुष्य एवढेच कचेरीत समजतात. ओढ्यापलीकडे माझी माणसे आहेत आणि त्यांना गावच्या विहिरीवर घागर टेकू देत नाहीत, हे सांगितले असते तर त्यांनी काही वेगळे केले असते असे नाही. मला मात्र तसे वाटत होते.

चावडीत सहादेव पाटलाने मला लगेच ओळखले. एलियाचा पोरगा, पण तसे तो तोंडाने म्हणाला नाही. लहानपणी बाबांबरोबर आलो की मी याच चावडीच्या पायरीखाली उभा राहायचो आणि पाणी ओंजळीत वरून मिळायचे. पाटील माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग हसला. त्याने सतरंजीवर जागा दाखवली. चहा आला तो सुमंतरावांसाठी आणि माझ्यासाठी सारख्याच कपबशीत. मी तो घेतला. त्या चावडीत कपातून चहा पिणारा आमच्यातला मी पहिलाच.

मग फॉर्म काढला. सुमंतराव विचारत होते, मी लिहीत होतो. पिण्याच्या पाण्याची विहीर आहे काय, असा प्रश्न आला. पाटील म्हणाला, "हीर हाय की. मागंच हाय. लिवा, साळवे सायेब." आणि पुढे म्हणाला, "का न्हाई? तुमीच सांगा."

सुमंतरावांना ती नुसती थट्टा वाटली. मी काय सांगतो हे पाटील पाहत होता. माझ्या हातात अजून त्याचा कप होता. त्या रकान्यापुढे शेऱ्याला चार ओळींची जागा मोकळी होती. मी 'आहे' लिहिले आणि खाली माहिती देणाऱ्याचे नाव म्हणून पाटलाचे नाव घातले.

तुम्ही वस्तीच्या शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवता. हे पत्र त्यांना वाचून दाखवले तरी माझी हरकत नाही.

कृपादान


नगर, ७ सप्टेंबर १९४७

यशया मास्तर यांस सलाम.

इकडे झेंडे लागले, मिठाई वाटली. साहेब जुलैतच गेले. त्यांच्या खुर्चीवर आता देशमुख नावाचे आपलेच गृहस्थ आले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाट उघडायला लावले. आम्हाला वाटले होते जुने कागद रद्दीत जातील. पण नव्या सरकारलाही पंधरा वर्षांची योजना हवी आहे आणि नवी पाहणी करायला वेळ नाही, म्हणून जुनीच यादी पुढे चालवायची असा हुकूम आहे. फॉर्म तेच, रकाने तेच. हिवरओढा तिसऱ्या टप्प्यात, सत्तावन ते बासष्ट.

ही योजना कधी व्हायचीच नाही, असे मी गेले वर्षभर मनाला सांगत होतो. आता ती होणार असे दिसते.

बनुबाई पुन्हा येऊन गेली. विहिरी सर्वांना खुल्या असा कायदा झाल्याचे इथे बोलतात, ते मी तिला सांगितले. ती म्हणाली, वस्तीतले कोणी चावडीमागे गेलेले नाही, जाईलसे वाटतही नाही. मेरी आता दयाची लहान कळशी घेऊन झिऱ्यावर जाते असेही तिने सांगितले. वाळूत खणलेला तो झिरा मी विसरलो नाही. आई वाटीने पाणी भरायची आणि वरच्या अंगाला गुरे उभी असायची. मेरी आठ वर्षांची आहे. सत्तावन साली ती अठराची होईल.

यादीत दुरुस्ती करायची असल्यास ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत आहे. दुरुस्तीला कारण लिहावे लागते, आणि पूर्वीची माहिती चुकीची कशी आली तेही.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती चावडीतली नाही, त्यानंतरची आहे. आज नाही लिहीत.

कृपादान


नगर, १९ ऑक्टोबर १९४७

यशया मास्तर यांस सलाम.

दयाने तुम्हाला हे सांगितले होते का, ते मला ठाऊक नाही. तिने कधी माझी चहाडी केली नाही, म्हणून बहुधा नसेल.

त्या दिवशी चावडीतून आम्ही परत निघालो. ओढ्याच्या उतारावर टांगा हळू झाला. समोरून दया येत होती, डोक्यावर दोन घागरी, बोटाला मेरी. मी आलो आहे हे तिला कोणीतरी सांगितले असणार, कारण ती धुतलेले लुगडे नेसली होती आणि थांबली ती माझ्याकडे बघून हसतच. मग तिने माझ्या शेजारी सुमंतरावांना पाहिले, माझे तोंड पाहिले, आणि ती बाजूला होऊन खाली बघत उभी राहिली.

सुमंतरावांनी टांगा थांबवला. ते नीट काम करणारे आहेत. त्यांनी विचारले, "बाई, पाणी कुठून आणता?"

ती म्हणाली, "वड्यातनं, सायेब. झिऱ्याचं."

"गावात विहीर नाही का?"

"हाय की. गावाला हाय. आमाला न्हाई."

सुमंतराव माझ्याकडे वळले आणि हे नीट विचारून घ्या म्हणाले. फॉर्म माझ्या मांडीवर होता. मी म्हणालो, "या बायकांना सवय असते. ओढा जवळ पडतो म्हणून जातात."

टांगा पुढे गेला. मेरीने मला ओळखले असावे, तिने हात केला होता. मी मागे पाहिले नाही. त्यानंतर मी दयाला पाहिले नाही. त्या वर्षीचा नाताळ कामाचे निमित्त सांगून टाळला आणि पुढचा यायच्या आत ती गेली. त्या नाताळला तिने बनुबाईबरोबर करंज्या पाठवल्या होत्या. डब्यावर तुमच्या अक्षरात माझे नाव होते.

परवा मी हे सगळे सुमंतरावांना सांगितले. दुरुस्तीचा कागद त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाही. ते चष्मा पुसत ऐकत होते. मी ती बाई म्हणालो तेव्हा त्यांना लगेच आठवली. माझी बहीण म्हणालो तेव्हा पुसायचे थांबले. चष्मा डोळ्यांवर ठेवून म्हणाले, "ती स्पष्ट बोलली होती, साळवे. मीही ऐकले होते. तुमचे उत्तर सोयीचे होते म्हणून मी पुढे विचारले नाही."

मग त्यांनी मला समजावले की कारणाच्या रकान्यात नजरचूक लिहा, एवढ्याने भागेल. खरे लिहिले तर चौकशी होईल, बढती जाईल, कदाचित नोकरीही. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितले. मी म्हणालो, विचार करतो.

मला वस्तीची आजची घरे आणि माणसे किती ते हवे आहे. पाटलाकडून घ्यायचे नाही. तुमच्याशिवाय ते कोणी खरे सांगू शकणार नाही. या पत्राला उत्तर द्यायचे नसेल तर दोन आकडे तेवढे कळवावेत. मुदत एकतीस तारखेची आहे.

कृपादान


नगर, ९ नोव्हेंबर १९४७

यशया मास्तर यांस सलाम.

तुमचे कार्ड एकोणतीस तारखेला मिळाले. "घरे चोवीस. माणसे एकशे एकोणीस. पटकीच्या आधी एकशे चोवीस." खाली सही नव्हती, पण अक्षर करंज्यांच्या डब्यावरचेच होते. ते कार्ड मी कागदाला जोडले नाही, माझ्याजवळ ठेवले आहे.

तीस तारखेला कागद दिला. सुमंतरावांनी दोनदा वाचला, एक शब्दही बदलला नाही आणि सही केली. देशमुख साहेबांनी काल मला बोलावून विचारले की हे तुम्हीच लिहिले आहे काय. मी हो म्हणालो. त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे, तोवर मला आवकजावकच्या टेबलावर बसवले आहे. हिवरओढ्याची वस्ती पहिल्या टप्प्यात घेतली आहे. पण अजून मंजुरी यायची आहे आणि मंजुरी देणारे तेच राहतील का हे कोणी सांगत नाही. म्हणून विहीर होईल असे मी तुम्हाला लिहीत नाही. कागद दुरुस्त झाला आहे एवढेच लिहितो. तोवर मेरीला झिऱ्याचे पाणी उकळल्याशिवाय देऊ नका. हे मी दोन वर्षांपूर्वी लिहायला हवे होते.

नाताळला मी येतो आहे. या वेळी तुमच्या उत्तराची वाट पाहत नाही. चावडीवरून भर दिवसा पायी येईन. हात धुवायला पाणी मागणार नाही. दयाच्या घागरी ठेवल्या असतील तर त्या मला द्या, मी ओढ्यावर जाऊन भरून आणीन. मेरीला बरोबर यायचे असेल तर येऊ द्या. नसेल तर राहू द्या.

खाली नक्कल दिली आहे. तालुक्याच्या कचेरीत लावलेली जुनी यादी उतरवून तुम्ही वस्तीत वाचून दाखवली होती, तशी हीही दाखवावी.

मौजे हिवरओढा, तालुका संगमनेर.

पिण्याच्या पाण्याची विहीर : गावास आहे. ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीस नाही. वस्तीतल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. ते ओढ्यातल्या झिऱ्याचे पाणी पितात. घरे २४, माणसे ११९.

दुरुस्तीचे कारण : पूर्वीची नोंद करणाऱ्या कारकुनास हे ठाऊक होते. तो त्याच वस्तीतला आहे.

माहिती देणाऱ्याचे नाव : दया, यशया मास्तरांची पत्नी. मयत.

माहिती दिल्याची तारीख : १३ फेब्रुवारी १९४५.

कृपादान एलिया साळवे